मला न ऐकू आलेली शिट्टी

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीत मी अँप्लिफायर बसवला त्याला बरीच वर्षं झाली, तरी भेटले की आधी गाडीची तब्येत सांगतात, मग स्वतःची. यंदा म्हणाले, "मनोहरभाऊ, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लोकांना मजा येईल." मी हो म्हणून बसलो. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला घेतलं की एकच गोष्ट समोर येऊन उभी राहते आणि ती गमतीची नाही. तरी सुरुवात गमतीनंच करतो. वाईट बातमी घेऊन आलेला माणूसही आधी प्यायला पाणी मागतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीसोबत कंपनीचा जो स्टिरिओ येतो तो गातो बरा, पण त्याच्या अंगात दम नसतो. आवाज वाढवला की गाणं फाटतं. मग माणूस आमच्याकडे येतो. पूर्वी आम्ही कंपनीचा स्टिरिओ सरळ काढून टाकायचो आणि दुसरा बसवायचो. आता त्याच पडद्यात मागचा कॅमेरा, त्यातच फोन, काही गाड्यांत एसीसुद्धा, त्यामुळे त्याला उठवायची सोय राहिली नाही. त्याला जागेवर ठेवायचं, त्याच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज उचलायचा, अँपमध्ये न्यायचा आणि तिथून ताकद भरून पुन्हा स्पीकरला द्यायचा. अँप म्हणजे घरजावई. राहणार सीटखाली, खाणार बॅटरीचं आणि बोलणार दुसऱ्याच्या तोंडून.

या जावयाचं करायचं काय, तर पहिलं, बॅटरीपासून एक जाड वायर आणायची आणि बॅटरीजवळच तिला फ्यूज लावायचा, म्हणजे वायर कुठे घासली तरी गाडी पेटत नाही. दुसरं, आवाजाच्या वायरी नीट जोडायच्या. आणि तिसरं म्हणजे अर्थिंग. अँपची काळी वायर गाडीच्या पत्र्याला घट्ट कसायची. ऐकायला हे सगळ्यात सोपं, पण मार इथेच खातात. पत्र्यावर रंग असतो. तो पॉलिश पेपरनं घासून खालचं चकचकीत लोखंड उघडं करावं लागतं. आळस करून सीटच्या तयार बोल्टाखालीच वायर दाबून दिली, तर एखाद्या गाडीत चालून जातं, एखादीत नाही. चाललं नाही की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. एक्सिलेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. गाणं बंद केलं तरी ती सुरूच असते.

आमच्यात शिट्टी म्हणजे नाक कापलं जाणं. गिऱ्हाईक परत येतं, चार लोकांत सांगतं आणि बाजूचा मिस्त्री दात काढतो. म्हणून गाडी देण्याआधी इंजिन सुरू करायचं, आवाज शून्यावर आणायचा, एक्सिलेटर द्यायचा आणि कान लावून बसायचं. या कामात माझं नाव होतं. मनोहरच्या गाडीला शिट्टी नसते, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

दुकान आधी नागपूरच्या महाल भागात होतं. गल्ली अशी की गाडी आत आली तर तिचं दार उघडायचं नाही. मी खिडकीतून आत जाऊन काम केलेलं आहे. पुढे मोठ्या रस्त्यावर आलो, तिथे कडुनिंबाखाली दोन गाड्या उभ्या राहतात आणि शेजारी शांताबाईचा चहाचा ठेला आहे. कळमेश्वरला कारखाना असलेले एक शेठ यायचे. त्यांची एकच मागणी, "आवाज छातीत लागला पाहिजे." मी लावला. पुढच्याच आठवड्यात आवाजाच्या हादऱ्यानं मागची नंबरप्लेट रस्त्यात कुठेतरी गळून पडली, तर शेठ खूश. म्हणाले, "आता कसं!" एक वकीलसाहेब होते, त्यांनी सगळ्यात भारी अँप बसवून घेतला आणि कधी सुरूच केला नाही. विचारलं तर म्हणाले, "असू द्या. आपल्याजवळ आहे, हे बरं वाटते."

अशा गाड्या तपासायच्या म्हणजे काचा बंद करून आत बसायचं आणि आवाज पार चढवायचा. माझी सगळी उमर त्यात गेली. घरी टीव्ही मोठा लागायचा. बायको ओरडायची, मी म्हणायचो, आजकालचे नट पुटपुटतात. ती म्हणायची, "मीबी पुटपुटतो काय?" त्यावर मी म्हणायचो, हो.

आणि एक गोष्ट अशी की गेल्या काही वर्षांत माझ्या कामात शिट्टी येणंच बंद झालं होतं. पूर्वी दहातल्या दोन गाड्या तरी त्रास द्यायच्या. मग बोल्ट खोलून रंग घासत बसावं लागायचं. आता सीटच्या बोल्टाला वायर दाबली, इंजिन सुरू केलं, कान दिला, सगळं शांत. मला वाटलं, हात बसला. दुसऱ्या मिस्त्र्यांना सांगायचो की अनुभव आला की पॉलिश पेपर लागत नाही. हे वाक्य आता आठवलं की जेवताना घास थांबतो.

मागच्या उन्हाळ्यात नागोरावकाका आले. नाव बदललेलं आहे, त्यांच्या मुलीचंही. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, बुटके, ताठ, खिशाला पेन. नवीन छोटी गाडी घेतलेली. सोबत मुलगी सुजाता. ती कळमेश्वरला शाळेत शिकवते आणि भीमगीतं गाते. जयंतीच्या दिवसांत तिचं पथक गावोगाव फिरतं. काकांच्या हातात पेनड्राइव्ह होता, त्यात तिची सगळी गाणी.

"मी नोकरीत होतो तवा हिचा एकबी कार्यक्रम धड आयकला नाही," काका म्हणाले. "कधी सेकंड शिफ्ट, कधी नाईट. आता आयकतो म्हटलं तर आवाज पुरत नाही. मोठा करून द्या."

मी अँप बसवून दिला आणि सगळ्यांना देतो तसा बेस, म्हणजे ढोलाचा जाड आवाज, भरून दिला. चार दिवसांनी काका परत. "आवाज आला गा, पण शब्द येऊन नाही राहिला." त्यांची नोकरी टर्बाइनशेजारी गेलेली. तिथल्या माणसाचे कान कसे होतात ते मला ठाऊक होतं. आधी बारीक आवाज जातात. ढोलकी ऐकू येते, पण स, श, ट, त हे सगळं सपाट होतं. मी बेस उतरवला, बारीक आवाजांची बाजू, जिला आम्ही ट्रेबल म्हणतो, ती चांगली वर चढवली आणि सुजाताचं गाणं लावलं.

काका पुढच्या सीटवर बसलेले. पहिलं कडवं पूर्ण ऐकलं. मग माझा हात धरला. "शब्द आला!" म्हणाले. "मनोहरभाऊ, हिचा शब्द आला!" गाणं परत लावायला सांगितलं. मग परत. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मी लोकांच्या नंबरप्लेटा पाडल्या, पण कामाचं खरं समाधान त्या दिवशी मिळालं.

मागे बसलेली सुजाता मात्र कान दाबून होती. म्हणाली, "भाऊ, शिट्टी वाजून राहिली."

मी गाणं थांबवलं, एक्सिलेटर दिला, कान लावला. काही नाही. काकांकडे पाहिलं. त्यांनीही मान वाकडी करून ऐकलं आणि डोकं हलवलं. "काही नाही वं."

"बाबा, आहे. आता चढली पाहा. आता उतरली."

"ताई," मी म्हणालो, "इंजिनचा आवाज असतो तो. सवय नसली की असा भास होतो." माझ्या आवाजात थोडं हसू होतं, ते तिला कळलं असणार.

"भास नाही, भाऊ. मी गाते. मला सूर कळतो."

त्यावर काका चिडले. "इतक्या वर्षाचा मिस्त्री नाही म्हणून राहिला अन् तुले जास्त समजते? मले जिंदगीत पहिल्यांदा तुया शब्द आयकू आला, तं तेच तुले पाहवत नाही काय?" सुजाता खिडकीबाहेर शांताबाईच्या ठेल्याकडे पाहत बसली. आम्ही दोन बहिरे पुढच्या सीटवर बसून एकमेकांना दुजोरा देत होतो आणि तिघांतलं जे एकच माणूस धड ऐकत होतं त्याला खोटं पाडत होतो. हे आता लिहिताना दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की पोरगी हट्टी आहे.

पुढे काका अधूनमधून येऊन रडगाणं गायचे. सुजाता त्यांच्यासोबत गाडीत बसायचं टाळते. शाळेत गाडी नेली तर स्टिरिओ बंद ठेवते. रविवारी काकांनी तिचंच गाणं लावलं की उतरून मागून बसने येते. बापलेकीचं बोलणं तुटल्यातच जमा होतं. "तिले वाटते, म्हातारा आता मजा करून राहिला," काका म्हणायचे. मी मान हलवायचो. चहा पाजायचो.

मग एका दुपारी सुजाता एकटीच गाडी घेऊन आली. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होतो. ती भांडली नाही. सरळ शांताबाईच्या ठेल्यावर गेली आणि म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं गाडीत बसता काय?"

शांताबाईला मागे बसवलं, मला तिच्या शेजारी. स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाणं नाही, आवाज शून्यावर, काचा बंद. "मावशी, शिट्टी आली की हात वर करा. गेली की खाली. बाकी काही बोलू नका."

तिनं इंजिन सुरू केलं. एक्सिलेटर दाबला. शांताबाईचा हात वर गेला. सोडला, हात खाली. दाबला, वर. मी म्हणालो, इंजिनच्या आवाजावर करताहेत त्या. सुजाता उतरली, सीटखालच्या अँपच्या अंगावर जो वेगळा फ्यूज असतो तो उपटला आणि परत येऊन एक्सिलेटर दिला. इंजिन तेवढंच गुरगुरलं. शांताबाईचा हात मांडीवरच राहिला. फ्यूज परत लावला, इंजिन पुन्हा तेवढंच चढवलं. हात वर. मी त्या हाताकडे पाहत होतो. पिठानं माखलेला, चहानं तपकिरी झालेला हात, बोटांत दोन पितळी अंगठ्या. तो वर जात होता आणि माझ्या कानात काहीही येत नव्हतं.

"भाऊ," शांताबाई न राहवून बोललीच, "येवढी शिट्टी वाजून राहिली अन् तुले आयकू येत नाही?"

मी कानात बोट घालून हलवलं आणि पुन्हा ऐकून पाहिलं.

"तुया दुकानातून निंगणाऱ्या कितीक गाड्या अशाच कुईं करतात. तू शेवटी इंजिन वाजवून पाहतं तवा दारं उघडी असतात ना, मले ठेल्यावर आयकू येते." मग तिनं भाबडेपणानं जे सांगितलं त्यानं मी जागच्या जागी खचलो. "मले वाटलं, तू हेच बसवून देत असशीन."

माझा हात बसला नव्हता. माझे कान बसले होते. या शहरात माझं नाव घेऊन किती गाड्या शिट्टी घालत फिरत असतील कोण जाणे. किती लोकांनी एकदा तक्रार केली असेल, मी हसून भास म्हटलं असेल आणि ते बिचारे निमूट सवय करून बसले असतील. सगळ्यात लाज वाटली ती त्या हसण्याची.

मी पाना आणला, सीटचा बोल्ट खोलला, अँपची वायर काढली. सीटखालच्या पत्र्यावर रंग घासला, खालचं लोखंड चमकेपर्यंत घासला, जसा पहिल्या वर्षी घासायचो. वायर कसली. ट्रेबल चढवल्यामुळे ती शिट्टी आणखी टोचत असणार, म्हणून बाकीच्याही जोडण्या तपासल्या. मग शांताबाईला पुन्हा बसवलं. एक्सिलेटर दिला. हात खाली. पुन्हा दिला. खालीच.

सुजातानं स्वतःचं गाणं लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "भाऊ, मी हे बाबांसमोर मुद्दाम नाही केलं. त्यांच्यासमोर मावशीनं हात वर केला असता तर त्यांना कळलं असतं, आपल्याला किती ऐकू येत नाही ते. चार लोकांत तसं नाही व्हायला पाहिजे." तिनं काच खाली केली. "पण तुम्ही त्यांना सांगा. माझं मानत नाहीत, तुमचं मानतील. जास्त काही नका सांगू. शिट्टी होती, एवढंच."

मी म्हणालो, "सांगतो, ताई. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी मीच काकांना फोन करून बोलावलं. बापलेक दोघं आले. काका आले ते छाती काढून. नेमका तेव्हा कळमेश्वरच्या शेठचा भाऊ आपली नवी मोठी गाडी दाखवायला उभा होता, आणि काका त्याला न विचारता सांगू लागले, "डोळे मिटून गाडी देऊन टाका. ह्यायच्यासारखा कान साऱ्या नागपुरात नाही." शेठच्या भावानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. सुजाताही पाहत होती. ती माझ्या वाक्याची वाट पाहत होती.

तोंड उघडलं तेव्हा खरंच सांगायचं ठरलं होतं. बाहेर आलं ते असं, "काका, शिट्टी तशी नव्हतीच. पण ताईंच्या मनात शंका होती ना, म्हणून सगळं खोलून पुन्हा पक्कं करून दिलं."

"पाह्य!" काका मुलीकडे वळले. "मिस्त्रीचा काही गुन्हा नसताना तुयासाठी त्यानं येवढं केलं. थँक्यू म्हण."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळख होती, म्हणजे हेही आपल्याला खोटं पाडणाऱ्यांतलेच निघाले, अशी. "थँक्यू, भाऊ," ती म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली. शेठच्या भावानं किल्ली माझ्या हातात दिली.

आता दुकानातून कोणतीही गाडी शांताबाई मागे बसल्याशिवाय सुटत नाही. तिनं हात वर केला की मी मुकाट्यानं पॉलिश पेपर काढतो. गिऱ्हाईकांना वाटतं ही काहीतरी पूजा आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, मशीन घ्या म्हणाले, घेणार आहे. जुनी गिऱ्हाईकं भेटली की शिट्टी येते का विचारतो आणि गाडी परत बोलावतो. बरेच जण म्हणतात, "आहे थोडी, पण आता सवय झाली." यातलं काही करायला मला लाज वाटली नाही. कान जाणं ही काही चोरी नाही, धंद्यात जातात. लाज आहे ती कळल्यानंतर बोललो त्याची.

काका अजून येतात. कोराडीच्या कॉलनीतून चार गिऱ्हाईकं त्यांनीच पाठवली. मागच्या महिन्यात म्हणाले, "पोरगी आता चूप बसते. तुम्ही बरोबर जिरवली तिची." मी धीर केला आणि म्हणालो, "काका, खरं म्हणजे ती शिट्टी होती."

"काय म्हणता?" त्यांनी कान पुढे केला.

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक जात होता. तेवढं मोठ्यानं बोलायची माझी छाती झाली नाही. "काही नाही," मी म्हणालो, "चहा घेता काय?" आणि काकांनी चहा घेतला.

काकांना वाचनाचा नाद आहे. हा अंक ते दरवर्षी घेतात आणि जाहिरातींसकट वाचतात, हे त्यांनीच मला सांगितलं आहे. म्हणून मी संपादकांना गमती न देता हे देतो आहे. काका, तुमचं नाव इथे खरं नाही, कॉलनीत कोणाला काही कळणार नाही. माझं नाव मात्र खरं आहे. शिट्टी होती. पहिल्या दिवसापासून होती आणि सुजाता पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. मला ते समजल्यावरही मी तुमच्यासमोर तिला खोटं पाडलं आणि तिच्याकडून आभार मानून घेतले. तुम्हाला तिचा शब्द ऐकू यावा म्हणून तुम्ही माझ्याकडे आला होता, आणि तिचाच शब्द मी तुमच्यापर्यंत पोचू दिला नाही. हे वाचून झालं की आधी तिच्याकडे जा. मग मला शिव्या द्यायला दुकानावर या. फक्त जरा मोठ्यानं द्या.